प्रोस्टेटचे ऑपरेशन: निर्णय घेण्यापासून घरी सावरेपर्यंत

साठी ओलांडलेल्या पुरुषांच्या घरात एक त्रास पुष्कळदा वर्षानुवर्षे कोणाला न सांगता सोसला जातो. रात्रीतून चार-चार वेळा उठावे लागते, लघवीला गेल्यावर धार सुरू होण्याची वाट पाहत उभे राहावे लागते, कपडे ओले होऊ नयेत म्हणून शेवटचे थेंब गळेपर्यंत ताटकळावे लागते, आणि एसटीचा लांबचा प्रवास असेल तर आदल्या संध्याकाळपासूनच पाणी कमी प्यायले जाते. ‘वय झाले, आता हे चालायचेच’ असे म्हणत दिवस काढले जातात आणि मग एखाद्या रात्री लघवी पूर्ण तुंबते. माझ्या वडिलांच्या बाबतीत हेच झाले. सात-आठ वर्षे त्यांनी त्रास लपवला आणि ७४व्या वर्षी, पोटात असह्य कळा येत असताना, नळी घालून घेण्यासाठी मध्यरात्री रुग्णालय गाठावे लागले. पुढचे ऑपरेशन नीट पार पडले, पण त्याआधीचे आणि नंतरचे कित्येक प्रश्न आम्हाला वेळेवर विचारताच आले नाहीत. ज्यांच्या घरी हा विषय नुकताच निघाला आहे, त्यांना ते प्रश्न आधी ठाऊक असावेत यासाठी हे लिहिले आहे.

मुळात काय बिघडते

प्रोस्टेट, म्हणजेच पुरःस्थ ग्रंथी, मूत्राशयाच्या लगेच खाली असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. तरुणपणी तिचे वजन साधारण २० ग्रॅम असते. वाढत्या वयाबरोबर तिचा आतला, मूत्रमार्गाला लागून असलेला भाग वाढू लागतो आणि वाट अरुंद होते. ही वाढ कर्करोगाची नसते आणि तिचे पुढे कर्करोगात रूपांतरही होत नाही. मात्र एकाच माणसाला दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात, म्हणून कर्करोगाची शक्यता तपासून बाजूला काढावी लागते.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमधील आकडा पाहून घरचे लोक घाबरतात किंवा निर्धास्त होतात; दोन्ही घाईचे आहे. ९० ग्रॅमची ग्रंथी असूनही एखाद्याला फारसा त्रास नसतो, तर ३५ ग्रॅमच्या ग्रंथीचा मधला भाग मूत्राशयाच्या तोंडाशी झडपेसारखा आडवा आला तर लघवी अडकते. अधिक महत्त्वाचा प्रश्न मूत्राशयाचा आहे. अडथळ्याविरुद्ध जोर लावता लावता त्याचा स्नायू प्रथम जाड होतो आणि पुढे थकतो. दरवेळी थोडी लघवी आत शिल्लक राहू लागते, तिच्यात जंतुसंसर्ग होतो, खडे धरतात आणि काही रुग्णांत मागचा दाब मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. अडथळा ऑपरेशनने काढता येतो, पण पूर्ण थकलेला स्नायू पुन्हा तितकाच बळकट होईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. उशीर नको असे मी कळकळीने म्हणतो, त्याचे कारण हेच आहे.

पहिली पायरी: त्रास मोजून घेणे

मूत्रविकारतज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी तीन दिवसांची साधी नोंद ठेवावी. किती वाजता लघवी झाली, मापाच्या भांड्यात ती किती मिलिलिटर भरली, आणि पाणी, चहा व इतर पेये किती घेतली, एवढे लिहिले तरी डॉक्टरांचे निम्मे काम होते. रात्री उठावे लागण्याचे कारण दरवेळी प्रोस्टेटच असते असे नाही. मधुमेह, पायांवरची सूज, झोपेत श्वास अडखळणे किंवा संध्याकाळी उशिरा घेतलेली लघवी वाढवणारी गोळी यांमुळेही रात्री लघवी जास्त तयार होते, आणि तो त्रास ऑपरेशनने जात नाही.

दवाखान्यात सात प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली जाते. तिचे गुण ० ते ३५ असतात: ७ पर्यंत त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम आणि २० किंवा अधिक असल्यास तीव्र समजतात. उत्तरे रुग्णाने स्वतः द्यावीत. मुलगा किंवा सून शेजारी बसून ‘नाही हो, बाबांना एवढा त्रास नाही’ असे म्हणू लागले की गुण चुकतात. त्यानंतर गुदमार्गातून बोटाने ग्रंथी तपासली जाते. या तपासणीला अनेकजण संकोचामुळे नकार देतात, पण ती अर्ध्या मिनिटाची असते आणि ग्रंथीत टणक गाठ आहे का हे त्यातून कळते.

लघवीची तपासणी, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका पडताळणारी पीएसए ही रक्ततपासणी आणि लघवी करून झाल्यावर आत किती शिल्लक राहते हे दाखवणारी सोनोग्राफी या नेहमीच्या तपासण्या आहेत. पीएसए वाढलेले आले म्हणून लगेच हादरून जाऊ नये. जंतुसंसर्ग झाला असेल, लघवी तुंबली असेल किंवा नुकतीच नळी घातली असेल तरी ते वाढते आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे लागते. उलट फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही ग्रंथी आकसवणारी गोळी सहा महिने किंवा अधिक काळ चालू असेल तर पीएसएचा आकडा साधारण निम्मा दिसतो, म्हणून ही गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

धारेचा वेग यंत्रावर मोजतात, त्याला युरोफ्लोमेट्री म्हणतात. सेकंदाला १५ मिलिलिटरपेक्षा अधिक कमाल वेग समाधानकारक असतो, तर १० पेक्षा कमी वेग अडथळा सुचवतो. चाचणीत किमान १५० मिलिलिटर लघवी व्हावी लागते, त्यामुळे पाणी पिऊन, लघवी भरल्याची जाणीव नीट झाल्यावरच आत जावे. दीर्घकाळचा मधुमेह, पक्षाघात, पार्किन्सन किंवा मणक्याचा आजार असेल तर मूत्राशयातील दाब मोजणारी युरोडायनॅमिक चाचणी करून घेण्याचा आग्रह मी धरीन. धार मंद असण्याचे कारण अडथळा आहे की थकलेला स्नायू, हे त्यातून कळते, आणि ऑपरेशनचा कितपत उपयोग होईल याचा अंदाज त्यावरच बांधता येतो.

दुसरी पायरी: ऑपरेशन खरोखर हवे आहे का

पुष्कळ रुग्णांना गोळ्यांनी बरे वाटते. टॅम्सुलोसिन, सिलोडोसिन किंवा अल्फ्युझोसिन यांनी मूत्रमार्गाभोवतीचे स्नायू सैल होतात आणि काही दिवसांत फरक कळतो. फिनास्टेराइड व ड्युटास्टेराइड ग्रंथी आकसवतात, पण त्याला सहा महिने लागतात. टॅम्सुलोसिनसारखी गोळी चालू असेल आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल, तर नेत्रतज्ज्ञांना ते आधी सांगणे फार आवश्यक आहे, कारण या गोळीमुळे ऑपरेशनच्या वेळी डोळ्यातील बाहुलीभोवतीचा पडदा सैल पडू शकतो. सर्दीच्या काही औषधांनी लघवी अचानक तुंबू शकते, म्हणून प्रोस्टेटचा त्रास असलेल्याने ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

लघवी तुंबून नळी घालावी लागली आणि गोळ्या देऊन नळी काढून पाहिल्यावरही लघवी होत नसेल, वारंवार जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव होत असेल, मूत्राशयात खडे झाले असतील, किंवा अडथळ्यामुळे मूत्रपिंडावर ताण आला असेल, तर ऑपरेशनचा सल्ला दिला जातो. याशिवाय गोळ्यांनी पुरेसा आराम पडत नसेल, त्यांचे दुष्परिणाम सोसत नसतील किंवा आयुष्यभर गोळ्या घेण्याची रुग्णाची इच्छा नसेल, तर तीही योग्य कारणे आहेत. केवळ वय जास्त आहे म्हणून ऑपरेशन नाकारू नये. ऐंशीच्या घरातील, पण हृदय व फुप्फुसे सुस्थितीत असलेल्या माणसाला ते मानवू शकते.

तिसरी पायरी: कोणते ऑपरेशन

आपल्याकडे ज्याला ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणतात ते बहुतेक वेळा टीयूआरपी असते. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून, विजेच्या तारेच्या कडीने ग्रंथीचा आतला वाढलेला भाग तुकड्या-तुकड्यांनी खरवडून काढतात. बाहेर कुठेही चीर नसते. साधारण ३० ते ८० ग्रॅमच्या ग्रंथीसाठी ही पद्धत दीर्घकाळ पारखलेली आहे आणि सहसा तास-दीड तासात आटोपते. जुन्या मोनोपोलर यंत्रात ग्लायसीनचे पाणी वापरावे लागते. ते रक्तात जास्त शोषले गेले तर सोडियम उतरते आणि रुग्णाला गोंधळल्यासारखे होणे, उलट्या, क्वचित झटके येणे असा गंभीर त्रास होऊ शकतो. बायपोलर यंत्रात साधे सलाईन वापरतात, त्यामुळे ही भीती जवळजवळ उरत नाही. ‘आपल्याकडे मशीन कोणते आहे?’ हा प्रश्न विचारण्यात काहीही गैर नाही.

ग्रंथी मोठी असेल तर होल्मियम लेसरचे ऑपरेशन, म्हणजे होलेप, सुचवले जाते. संत्र्याची साल तशीच ठेवून आतला गर सोडवावा तसा वाढलेला भाग लेसरने कवचापासून सुटा करतात, मूत्राशयात ढकलतात आणि यंत्राने बारीक करून बाहेर खेचून घेतात. आकाराचे बंधन नसणे, कमी रक्तस्राव आणि नळी लवकर निघणे हे त्याचे फायदे आहेत. थ्युलियम लेसरनेही असेच करता येते. परंतु हे तंत्र शिकायला वेळ लागतो, म्हणून लेसर या शब्दाच्या मोहात न पडता, ज्या पद्धतीत आपल्या सर्जनचा हात बसलेला आहे ती पद्धत निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कुशल हातांनी केलेले टीयूआरपी नवशिक्या हातांच्या लेसरपेक्षा चांगले. ग्रीनलाइट लेसरमध्ये ग्रंथीची वाफ केली जाते. रक्त पातळ करणारी औषधे थांबवता येत नाहीत अशा रुग्णांना त्याचा उपयोग होतो, पण तपासणीसाठी पाठवायला तुकडा उरत नाही.

फार मोठ्या ग्रंथीसाठी किंवा सोबत मोठे खडे असतील तर पोटावर चीर देऊन करायचे उघडे ऑपरेशन आजही केले जाते. ग्रंथीचा वाढलेला भाग मूत्राशयातून बोटाने सोडवून काढण्याची पद्धत १९००च्या सुमारास लंडनमध्ये रूढ करणारे पीटर फ्रेयर हे आयरिश सर्जन त्याआधी अनेक वर्षे भारतात वैद्यकीय सेवेत होते. ग्रंथी लहान असेल तर मूत्राशयाच्या तोंडाशी फक्त छेद देऊनही भागते. ग्रंथीचा भाग बारीक टाचण्यांनी बाजूला ओढून धरणारे यूरोलिफ्ट आणि वाफेने करायचे रेझुम हे तुलनेने सौम्य उपचार निवडक ठिकाणी मिळतात. त्यांत वीर्यस्खलन बहुधा टिकते, पण मिळणारा आराम टीयूआरपीइतका नसतो आणि पुन्हा उपचार लागण्याची शक्यता जास्त असते.

चौथी पायरी: आधी बोलून घ्यायच्या गोष्टी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी सर्वांत आधी दाखवावी. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन यांचे नियम वेगवेगळे आहेत. हृदयात स्टेंट बसवलेला असेल तर हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांचे एकमेकांशी बोलणे झाल्याशिवाय कोणतीही गोळी स्वतः बंद करू नये. शेजाऱ्यांनी सांगितले म्हणून तर मुळीच नाही. लघवीत जंतू सापडले तर ऑपरेशनपूर्वी त्यांचा उपचार पूर्ण व्हावा. मधुमेह आटोक्यात आणावा आणि तंबाखू-विडी जितक्या लवकर सोडता येईल तितक्या लवकर सोडावी.

दुसरा विषय संकोचाचा आहे आणि म्हणूनच तो राहून जातो. टीयूआरपी किंवा होलेपनंतर दहापैकी साधारण सात पुरुषांत संभोगाच्या वेळी वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते आणि नंतर लघवीवाटे निघून जाते. शरीराला त्याने अपाय होत नाही आणि सुखाची जाणीवही बहुधा राहते, मात्र हा बदल सहसा कायमचा असतो. ताठरता पूर्वी चांगली असेल तर बहुतेकांची तशीच राहते. अजून मूल हवे असलेल्या पुरुषाने हे सर्जनशी स्पष्ट बोलावे. हे बोलणे पती-पत्नी दोघांसमोर झाले तर उत्तमच, कारण नंतर कळल्यावर मनात उगाच अढी बसते.

खर्चाचीही चौकशी आधी करावी. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली अंगीकृत रुग्णालयांत अनेक मूत्रविकार शस्त्रक्रिया होतात. रेशनकार्ड व आधार घेऊन तेथील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटले की आपले ऑपरेशन पॅकेजमध्ये बसते का, हे समजते. ७० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या नागरिकांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेखाली मोफत उपचारांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. खासगी विमा असेल तर प्रतीक्षाकाळाचे कलम वाचावे. प्रोस्टेटची साधी वाढ अनेक पॉलिसींत पहिली दोन वर्षे वगळलेली असते, आणि हे भरतीच्या दिवशी कळणे फार क्लेशदायक असते.

पाचवी पायरी: रुग्णालयातील दिवस

बहुधा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. रुग्ण जागा राहू शकतो किंवा हलके झोपेचे औषध देतात. घन आहार सहा तास आधी थांबवावा लागतो, साधे पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालते, पण भूलतज्ज्ञांचा शब्द अखेरचा.

ऑपरेशननंतर रुग्णाला भेटताना नातेवाइकांना सर्वांत जास्त भीती वाटते ती नळी आणि पिशवी पाहून. मूत्राशयात तीन तोंडांची जाड नळी असते. एका वाटेने सलाईन आत सोडतात आणि दुसऱ्या वाटेने ते रक्तमिश्रित होऊन बाहेर येते, जेणेकरून आत गुठळी धरू नये. पिशवीतील पाणी सुरुवातीला लालसर आणि मग गुलाबी होत जाते. थोडेसे रक्तही पुष्कळ पाण्याला रंग चढवते, म्हणून नुसत्या रंगावरून घाबरू नये. मात्र ते एकाएकी गडद झाले, नळीतून येणे थांबले किंवा ओटीपोट फुगून दुखू लागले, तर त्याच क्षणी परिचारिकेला सांगावे. नळी आत असूनही लघवीची तीव्र भावना होते, मूत्राशय आकसून कळ येते. अशा वेळी कुंथू नये, श्वास सोडत अंग सैल ठेवावे. या कळेवर औषध असते, ते मागून घ्यावे.

नळी बहुतेकांची एक ते तीन दिवसांत काढली जाते. उघड्या ऑपरेशननंतर अधिक काळ ठेवतात. पहिल्या काही वेळा लघवीला आग होते, घाई होते, कधी कपड्यांत थोडी होते. काही रुग्णांना पहिल्या खेपेस लघवी होतच नाही आणि नळी पुन्हा घालून काही दिवसांसाठी घरी पाठवतात. असे झाले म्हणजे ऑपरेशन फसले असे मानू नये. थकलेल्या मूत्राशयाला सावरायला वेळ हवा असतो. नळीसह घरी आल्यास पिशवी नेहमी ओटीपोटाच्या पातळीखाली ठेवावी, नळी ताणली जाऊ देऊ नये आणि तिच्या तोंडाशी रोज साबण-पाण्याने हलके स्वच्छ करावे.

सहावी पायरी: घरचे सहा आठवडे

बाहेर जखम दिसत नाही, त्यामुळे चौथ्याच दिवशी माणूस बाजारात निघतो, आणि इथेच घोटाळा होतो. आतली जखम भरायला साधारण सहा आठवडे लागतात. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी विभागून प्यावे, पण संध्याकाळनंतर कमी करावे. बद्धकोष्ठता होऊ देऊ नये. इसबगोल, पालेभाज्या, पपई आणि लागल्यास डॉक्टरांनी दिलेले सारक घ्यावे, कारण कुंथल्याने रक्तस्राव होतो. कमोडची सोय असेल तर पहिले काही दिवस तोच वापरावा. पाण्याची भरलेली बादली, गॅसची टाकी, धान्याचे पोते उचलू नये. सायकल व दुचाकी, तसेच संभोग, साधारण चार ते सहा आठवडे टाळावा.

दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास आतली खपली सुटते आणि स्वच्छ झालेली लघवी पुन्हा लाल होते. वडिलांना बाराव्या दिवशी असे झाले आणि घरात रडारड झाली, कारण आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. विश्रांती घेऊन व पाणी वाढवून एक-दोन दिवसांत रंग निवळत असेल तर चिंता नाही. मोठ्या गुठळ्या पडणे, लघवी अडकणे, थंडी वाजून १०१ फॅरनहाइटच्या वर ताप येणे, अंडकोष सुजून दुखणे, एका पोटरीला सूज येणे किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे.

धार बहुतेकांची लगेच सुधारते, घाई व वारंवारता मात्र कमी व्हायला काही आठवडे ते तीन महिने लागतात. खोकताना, उठताना थेंब गळत असतील तर लघवी अडवून धरण्यासाठी जे स्नायू आवळतो तेच दहा सेकंद आवळून दहा सेकंद सैल सोडण्याचा व्यायाम दिवसातून तीन वेळा करावा. होलेपनंतर अशी गळती काही आठवडे अधिक दिसते, पण बहुतेकांची थांबते. कायमची गळती शंभरात एखाद्याला होते. काही महिन्यांनी धार पुन्हा बारीक होऊ लागली तर मूत्रमार्गात आकुंचन आले असण्याची शक्यता असते, आणि त्यावर उपचार आहे, म्हणून पुन्हा अंगावर काढू नये.

काढलेले तुकडे तपासणीसाठी पाठवलेले असतात. त्यांचा रिपोर्ट डिस्चार्जच्या कागदांत सहसा नसतो, कारण तो काही दिवसांनी येतो. तो स्वतः जाऊन घ्यावा, डॉक्टरांना दाखवावा आणि जपून ठेवावा, कारण काही रुग्णांत आधी न दिसलेला कर्करोग याच रिपोर्टमधून कळतो. रिपोर्ट साधा आला तरी या ऑपरेशनात ग्रंथीचे बाहेरचे कवच आतच राहते आणि कर्करोग बहुधा त्याच भागात उद्भवतो. म्हणून तीन-चार महिन्यांनी पीएसए पुन्हा तपासून त्याचा नवा आकडा फाइलमध्ये तारखेसह लिहून ठेवावा. पुढच्या तपासण्यांची तुलना जुन्या आकड्याशी न करता या नव्या आकड्याशी करायची असते.